थकत जाणारा विषय

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका मराठी हायस्कुलात नववीच्या मुलांची नागरिकशास्त्राची छोटी चाचणी झाली. एका गुणाचा प्रश्न होता: आपल्या राज्याच्या विधानसभेत सदस्य किती? एका मुलीने ठळक अक्षरात २८८ लिहिलं. बाईंनी लाल पेनाने त्यावर रेघ ओढली आणि शेजारी २२४ लिहिलं. मुलगी उठून म्हणाली, "बाई, व्हिडिओत २८८च सांगितलंय की." खरंच सांगितलं होतं. आदल्या रात्री तिने मोबाईलवर तो पाठ ऐकला होता, स्वच्छ मराठीत, फळ्यावर तक्ता काढून शिकवलेला. घरी जाऊन तिने आजोबांना विचारलं, तर तेही म्हणाले, "आपली विधानसभा म्हणजे मुंबईची. दोनशे अठ्ठ्याऐंशीच." हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून १९५६ नंतर झालेली सगळी आंदोलनं आजोबांनी पाहिलेली. त्यांच्यासाठी तो आकडा पाठांतराचा नव्हताच कधी.

गुण एकच गेला. पण ही गोष्ट मनातून जात नाही, कारण पोरगी आळशी नव्हती. ती रात्री बसून शिकली होती, मन लावून शिकली होती, आणि शिकली ते शेजारच्या राज्याचं.

सीमाभागात मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाकडे पुस्तक येतं ते कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं, मराठीत छापलेलं. नाव 'समाज विज्ञान'. पण पुस्तकाच्या पलीकडचं जे काही मराठीत मिळतं, म्हणजे गाइड, व्हिडिओ, प्रश्नसंच, ते बहुतेक कोल्हापूर-पुण्याकडून येतं आणि महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर बेतलेलं असतं. गणितात याने काही बिघडत नाही, वर्गसमीकरण सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला तरी तेच राहतं. विज्ञानातही फारसं नाही. नागरिकशास्त्र मात्र शिनोळी ओलांडली की बदलतं. महाराष्ट्राची विधानसभा २८८ची, विधान परिषद ७८ची, लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ जागा. कर्नाटकात हेच आकडे २२४, ७५, २८ आणि १२. तिकडे गावचा प्रमुख सरपंच आणि कारभार बघणारा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), इकडे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. तिकडची पंचायत समिती ती इकडची तालुका पंचायत. परीक्षेत यातल्या प्रत्येकावर एक-एक गुणाचा प्रश्न येऊ शकतो, आणि प्रत्येक ठिकाणी मुलाच्या कानावर पडलेलं उत्तर दुसरंच असतं.

म्हणून व्हिडिओ बंदच करावेत, असं मला वाटत नाही. चांगलं शिकवलेलं मराठीत ऐकायला मिळणं ही या मुलांसाठी मोठी गोष्ट आहे. फक्त कुठे ऐकायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवून घ्यावं लागतं. संविधानाची प्रस्तावना, मूलभूत हक्क, संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय, निवडणूक आयोग, रिझर्व्ह बँक, राष्ट्रीय उत्पन्न, केंद्राचं अंदाजपत्रक हे सगळं खुशाल ऐकावं, ते साऱ्या देशाला एकच आहे. राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि राज्याच्या योजना आल्या की मोबाईल ठेवून पुस्तक उघडावं. मधला एक भाग फसवा असतो, तो म्हणजे पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती. २४ एप्रिल १९९३ रोजी ती लागू झाली, तीन स्तर, पाच वर्षांची मुदत, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा, इथपर्यंत सगळीकडे सारखं. त्याखालचा प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कर्नाटकाचा १९९३चा, त्यात साधारण ४०० लोकसंख्येमागे ग्रामपंचायतीचा एक सदस्य, आणि स्त्रियांना निम्म्या जागा. मूल "एक तृतीयांश" लिहून येतं आणि त्याला कळत नाही की चूक कुठे झाली. प्रश्न संविधानाबद्दल होता की कर्नाटकाबद्दल, हे वाचायची सवय लावणं एवढाच यावर उपाय आहे. प्रश्नपत्रिकेत "राज्यातील" किंवा "कर्नाटकातील" हा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची.

आकडे नुसते घोकले तर दोन राज्यांचे एकमेकांत मिसळतात. ते फोडून लक्षात ठेवावेत. कर्नाटकाची विधान परिषद ७५ची, ती अशी: आमदारांनी निवडलेले २५, स्थानिक संस्थांनी निवडलेले २५, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७, राज्यपालांनी नेमलेले ११. ही बेरीज एकदा स्वतः केली की ७५ विसरत नाही, आणि परिषद कशी बनते हा मोठा प्रश्नही त्याच दमात तयार होतो. शाळेतल्या सरांचंही मत ज्यात मोजलं जातं अशी एक निवडणूक असते, हे कळल्यावर मुलं दचकतात. तो दचका मला फार मोलाचा वाटतो.

आता हा विषय मागे का पडतो, ते. समाज विज्ञान म्हणजे एका पुस्तकात सहा विषय: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, व्यवहार अध्ययन. इतिहास आणि भूगोल जागा खातात. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचे धडे संख्येने थोडे, म्हणून "ते काय, शेवटी वाचून काढू" असं घरही म्हणतं आणि मूलही. दिवसाची ताकद गणित, इंग्रजी आणि कन्नडवर जाते, आणि त्यात चूक काही नाही, तिथे नापास व्हायची भीती खरी असते. आता दहावीला वर्षात एकाहून जास्त परीक्षांच्या संध्या मिळतात, त्याने ढिलाई आणखी वाढली. नागरिकशास्त्राचा अभ्यास थकलेल्या ऊसबिलासारखा असतो. चौदा दिवसांत मिळायचं ते पुढच्या हंगामावर जातं, आणि मागचं किती बाकी आहे याचा हिशोबच कुणाकडे राहत नाही.

अभ्यास थकू द्यायचा नसेल तर आठवड्याचा थोडाच वेळ लागतो, पण तो ठरलेला हवा. धडा वर्गात सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसता वाचायचा, न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, अर्थ शोधायचा नाही. वर्गात तो शब्द आला की कान आपोआप टवकारतात. शिकवून झालं की त्याच दिवशी धड्यामागचे एक गुणाचे प्रश्न लिहून टाकायचे, मोठे ठेवून द्यायचे. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दुपारी चाळीस मिनिटं मोठ्या प्रश्नांना, आणि तेव्हा पुस्तक मिटलेलं. मागच्या महिन्यातला कुठलाही एक धडा काढून त्यातले दोन प्रश्न न बघता लिहायचे. बहुतेक मुलं इथेच घसरतात. वाचताना सगळं येतं असं वाटतं आणि लिहायला बसलं की दुसऱ्या ओळीवर पेन थांबतं. थांबतं ते बरंच, कारण नेमकं काय येत नाही ते शनिवारी कळलं तर सोमवारी बाईंना विचारता येतं. मार्चमध्ये कळून उपयोग नसतो.

उत्तर लिहिण्याचाही एक हिशोब आहे. तपासताना साधारण एका मुद्द्याला अर्धा गुण धरतात. म्हणजे दोन गुणांना चार मुद्दे, तीनला सहा, चारला आठ. मुलं काय करतात, तर एकच मुद्दा पाच ओळी फुलवून सांगतात, भाषा सुंदर असते, आणि अर्धा गुण मिळतो. मराठीत चांगलं लिहिणाऱ्या मुलांचं हे नुकसान जास्त होतं. त्यांना सांगावं की निबंध मराठीच्या पेपरात, इथे ओळीगणिक नवा मुद्दा, आकडा घालून, सुटा.

धड्यातलं एखादं कलम आपल्या अंगणातलं निघालं की ते कधी विसरत नाही, आणि बेळगावच्या मुलांच्या अंगणात अशी कलमं पसरलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या धड्यात "मूळ अधिकारक्षेत्र" येतं. राज्याराज्यांतला किंवा केंद्र-राज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच सुरू होतो, अनुच्छेद १३१. महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा लावला तो याच कलमाखाली. घरात ज्या प्रश्नावर मोठी माणसं रात्र रात्र बोलतात, तो पुस्तकाच्या एका ओळीत बसलेला पाहून मुलाला काय वाटत असेल! त्याच्यापुढे लगेच अनुच्छेद ३ ठेवावं: राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला. मग वर्गात प्रश्न येतोच, की संसद बदलू शकते तर कोर्टात कशाला? असा प्रश्न विचारणारं मूल नागरिकशास्त्रात मागे राहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

दुसरं उदाहरण कणकुंबीचं. म्हादई नदी खानापूर तालुक्यात उगम पावते, कळसा नाला कणकुंबीलाच. तोही राज्याराज्यांतला वाद, पण तो गेला लवादाकडे. अनुच्छेद २६२ आंतरराज्य नद्यांच्या पाण्यासाठी वेगळी वाट ठेवतं. म्हादई लवाद २०१० साली नेमला गेला, निवाडा ऑगस्ट २०१८चा, आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. सीमेचा वाद १३१ खाली, पाण्याचा २६२ खाली. ही दोन कलमं शेजारी शेजारी लिहून ठेवली तर चार गुणांच्या प्रश्नात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातलं मूल देऊ शकणार नाही असं उत्तर इथलं मूल देऊ शकतं. तिसरं कलम ३५०क: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करणं, राज्यावरची जबाबदारी. १९५६च्या ७व्या घटनादुरुस्तीने ते आलं. आपली शाळा कशाच्या आधारावर उभी आहे, हे मराठी शाळेतल्या मुलाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आणि मतदारसंघ. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ. आठ बेळगाव लोकसभेत, आठ चिक्कोडीत. उरलेले दोन, खानापूर आणि कित्तूर, उत्तर कन्नड लोकसभेत. म्हणजे जिल्हा बेळगाव, पण खासदार कारवारकडचा. खानापूरच्या मुलाला "तुझा लोकसभा मतदारसंघ कोणता?" विचारलं की ते बेधडक बेळगाव म्हणतं. मतदारसंघांची रचना परिसीमन आयोग लोकसंख्येवर करतो, जिल्ह्याची हद्द तिला कायम बांधत नाही, हे समजायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. घरातल्या कुणाच्याही मतदार यादीवर विधानसभा आणि लोकसभा, दोन्ही मतदारसंघ छापलेले असतात. ते पाहून यायला सांगावं.

अर्थशास्त्राचं दुखणं वेगळं. तिथे शब्द समजल्यासारखे वाटतात आणि आकडे आले की फसतात. सार्वजनिक वित्ताच्या धड्यात राजकोषीय तूट येते, आणि ती जवळजवळ प्रत्येक वर्गात चुकते. साधे आकडे घ्यावेत. सरकारची महसुली जमा ६०. दिलेली जुनी कर्जं वसूल झाली आणि सरकारी उद्योगांतले हिस्से विकले, त्याचे ५. एकूण खर्च ८०. तूट १५. ही १५ सरकार कर्ज काढून भागवतं, आणि ते कर्जही भांडवली जमेत लिहिलं जातं. आता मूल काय करतं? महसुली जमा ६०, भांडवली जमा ५ अधिक १५ म्हणजे २०, बेरीज ८०, खर्च ८०, तूट शून्य. पुस्तकात "कर्जेतर भांडवली जमा" असं स्पष्ट असतं, पण "कर्जेतर" हा शब्द वाचताना डोळा त्यावरून घसरतो. इथे आईच्या बचत गटाची वही काढावी. आई "संघातनं" दहा हजार उचलून शिलाई मशीन घेते, तेव्हा घरात पैसे येतात, पण ती त्याला कमाई म्हणत नाही. हप्ता कधी, किती, हे तिला तोंडपाठ असतं. मुलांना हा फरक घरून माहीतच असतो, फक्त तो धड्याला जोडून द्यावा लागतो. मग पुढचं: महसुली खर्च ६८ असेल तर महसुली तूट ८, आणि एकूण खर्चात व्याजाचे १० असतील तर प्राथमिक तूट १५ वजा १०, म्हणजे ५. एकाच उदाहरणावर तिन्ही तुटी काढाव्यात. वेगवेगळ्या उदाहरणांनी गोंधळच वाढतो.

जीएसटी तर सीमेवर राहणाऱ्यांनी इतरांना शिकवावा असा विषय. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानातून तीन हजारांचा मिक्सर घरी आणला, कर १८ टक्के, म्हणजे ५४०. बिलावर त्याच्या दोन ओळी दिसतात: सीजीएसटी २७० आणि एसजीएसटी २७०. एक केंद्राचा, एक कर्नाटकाचा. तोच मिक्सर दुकानदाराने कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मागवला, तर त्या बिलावर एकच ओळ: आयजीएसटी, पूर्ण १८ टक्के. माल राज्याची हद्द ओलांडून आला ना! तो कर आधी केंद्राकडे जातो, आणि राज्याचा वाटा माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. घरातली दोन-तीन बिलं वहीत चिकटवून प्रत्येकावर कोणता कर का लागला ते एका ओळीत लिहायचं. अंतर्गत २० गुणांसाठी जे उपक्रम द्यावे लागतात त्यात हे सहज बसतं, आणि दुकानातून आणलेला तयार तक्ता रंगवण्यापेक्षा फार बरं.

मागणी-पुरवठ्याला चोर्ला घाट आहेच. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. दरड कोसळून घाट बंद पडला तर पणजीत कोथिंबीर महागते आणि इथल्या बाजारात तीच मातीमोल होते. एक घाट, दोन भाव. हे ज्याला नीट मांडता आलं त्याला आलेख काढायला वेगळं शिकवावं लागत नाही.

नागरिकशास्त्राचा सगळ्यात जवळचा फळा मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, पीडीओ, त्यांच्या कामांची यादी, सगळं कन्नडमध्ये. गावातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाही, आणि त्याचं शल्य खोटं नाही. शाळेत कन्नड शिकणारी नात ते वाचू शकते. "आजी, ग्रामसभा लागलीय बघ, पाण्याचं तिथंच सांगायचं," असं ती सांगते तेव्हा आजीच्या चेहऱ्यावर एकाच वेळी अभिमान असतो आणि आणखी काहीतरी असतं, ज्याला नाव द्यायची मला घाई नाही. ज्या राज्यात आपण मत देतो, कर भरतो, रेशन घेतो, त्याची यंत्रणा मुलांना बारकाईने माहीत असणं आणि मराठी मन शाबूत असणं, यात मला काडीचाही विरोध दिसत नाही. आजोबांचा २८८ आणि बाईंचा २२४ हे दोन्ही त्या मुलीला माहीत हवेत. कुठला कुठे लिहायचा, तेही.

दहावीचा समाज विज्ञानाचा पेपर लेखी ८० गुणांचा. अलीकडच्या पेपरांत ३८ प्रश्न असतात: एक गुणाचे १६, दोनचे ८, तीनचे ९, चारचे ४, आणि भारताचा नकाशा ५ गुणांना. एक गुणाचे सगळे वीस मिनिटांत, दोनचे पस्तीस, तीनचे एक तास, चारचे पस्तीस, नकाशाला दहा. तीन तासांत वीस मिनिटं शिल्लक राहतात, ती तपासायला. आपल्या वर्षाचा नमुना पेपर मंडळाच्या संकेतस्थळावरून आधी काढून घ्यावा, कारण आराखडा बदलू शकतो. जुन्या गाइडांपासून जपावं. ग्राहक संरक्षणाच्या धड्यात अजून १९८६चा कायदा आणि जिल्हा पातळीला २० लाखांची मर्यादा छापलेली गाइडं फिरतात. आता कायदा २०१९चा आहे आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. परीक्षेत हातातल्या पाठ्यपुस्तकात असेल ते लिहायचं, आणि पुस्तक जुनं वाटलं तर बाईंना विचारून आजचा आकडा समासात नोंदवून ठेवायचा.

एक काम मात्र मुलांच्या हातातलं नाही. या भागात निवृत्त झालेले कितीतरी मराठी शिक्षक आहेत, ज्यांनी हेच पुस्तक वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांनी मोबाईल समोर उभा करून, मागे फळा घेऊन, कर्नाटकाच्या पुस्तकातले धडे मराठीत सांगून ठेवावेत. सगळे नकोत. संविधान आणि संसद इतरांनी उत्तम सांगितली आहे. जिथे तिकडचा व्हिडिओ चुकीचं उत्तर देतो तेवढेच घ्यावेत: आठवीतल्या स्थानिक संस्था, दहावीतला ग्रामीण विकास आणि अंदाजपत्रकातला राज्याचा भाग. एकेक धडा वीस मिनिटांच्या आत, आकडे फळ्यावर मोठे, आणि सुरुवातीलाच इयत्ता आणि 'कर्नाटक' हे दोन शब्द स्पष्ट. सुरुवात नववीच्या राज्य सरकारच्या धड्याने करावी.